चौदा फळ्यांची चाल

टीव्हीच्या स्टुडिओत सेट उभारणारे सुतार आठ-दहा होते, पण नुसतं 'मिस्त्री' म्हटलं की ते एकच. सव्वीस वर्षं झाली होती त्यांना तिथे. माणूस हातापायांनी बोलणारा. दार कुठे घासतं हे सांगायचं तर उठून स्वतःच दार व्हायचे, खुर्चीचं सांगायचं तर उभ्या उभ्या डुगडुगायचे. बायको म्हणायची, यांचे हातपाय बांधले तर हे मुकेच होतील.

त्या वर्षी कॉलेजांच्या संघांची अडथळ्यांची शर्यत टीव्हीवर होणार होती. सहा कॉलेजं, प्रत्येकी पाच जण. चढायचा दोर, जाळी, फिरता ओंडका, आणि सगळ्यांत अवघड म्हणजे मिस्त्रींच्या डोक्यातून निघालेला हौद. पाण्यावर दोन-दोनच्या जोडीने सात ओळी, एकूण चौदा फळ्या. प्रत्येक जोडीतली एक पक्की, दुसरी पाय पडताच कलणारी. दिसायला सगळ्या सारख्या. कुठली पक्की हे मिस्त्रींनाच ठाऊक, कारण खालच्या खुंट्या त्यांनी पडदा ओढून एकट्याने बसवल्या होत्या. आपला धाकटा भाऊ यातल्या एका कॉलेजात खेळाचा शिक्षक आहे, हे त्यांनी दिग्दर्शक बाईंना आधीच सांगून ठेवलं होतं. बाई हसल्या होत्या. तुमच्यावर शंका घ्यायची तर मग स्टुडिओला कुलूपच लावते, म्हणाल्या होत्या.

आणि नेमका त्याच आठवड्यात धाकटा घरी आला.

धाकटा चौदा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. त्याची वेणीफणी सोडून आईची सगळी कामं मिस्त्रींनी केली, असं त्यांची बायको गमतीनं म्हणायची. पुढे तो शिकला, मोठा झाला. दोन वर्षांपूर्वी त्याने नवं घर घेतलं, तेव्हा मिस्त्री सकाळपासून तिथे कपाटांची दारं बसवत होते. दुपारी कॉलेजातले लोक जेवायला आले आणि धाकट्याने ओळख करून दिली, "हे आमचे सुतार." त्यात खोटं काहीच नव्हतं. मिस्त्रींनी हत्यारं पिशवीत भरली आणि न जेवताच निघाले. तेव्हापासून येणं-जाणं तुटलं होतं. तरी फोन वाजला की ते आधी धाकट्याचं नाव आहे का बघायचे, आणि नसलं की त्यांचा आवाज पडायचा.

त्यामुळे धाकटा दारात उभा राहिला तेव्हा मिस्त्रींनी त्याला काही विचारलं नाही. पहिल्या दिवशी दोघं भाऊ लहानपणीच्या गोष्टींवर इतके हसले की शेजारणीने डोकावून बघितलं. दुसऱ्या दिवशी धाकट्याचं लक्ष दादाच्या पायाकडे गेलं. गुडघ्याचं काय करतोयस, म्हणून तो रागावला. इतक्या वर्षांत मिस्त्रींवर हक्काने कुणी रागावलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्याने मोबाइल काढला.

"माझ्या ओळखीचे हाडांचे डॉक्टर आहेत. चालतानाचा व्हिडिओ दाखवतो त्यांना. पण साधं चालून काय कळणार? दुखतं कधी?"

"रोज सकाळी फळ्या तपासून बघतो ना, तेव्हा."

"मग तसाच चाल की."

मिस्त्री स्वयंपाकघरातल्या फरश्यांवर उभे राहिले आणि चालले. डावी, उजवी, पुन्हा उजवी. पाचव्या पावलाला गुडघा कुरकुरायचा, म्हणून पाय टेकला, उचलला, पुन्हा टेकला. मग पुढच्या दोन. धाकट्याने एकदा समोरून व्हिडिओ घेतला, आणि पुन्हा चालायला लावून एकदा मागून. ओट्याशी उभी असलेली बायको म्हणाली, "भाऊजी, यांना घ्या तुमच्या संघात." धाकटा जरा उशिराने हसला.

कुणी विचारलं असतं तर मिस्त्रींनी शपथेवर सांगितलं असतं की वाटेबद्दल तोंडातून अक्षर काढलं नाही. आणि ते खरंच होतं.

स्पर्धेच्या दिवशी मिस्त्री हौदाच्या कडेला उभे होते. एकाने दुसऱ्याचं बघू नये म्हणून बाकीचे संघ आत बसवलेले. पहिले तीन संघ फळ्यांवरून धपाधप पाण्यात पडले, प्रेक्षक लोटपोट झाले. चौथा संघ धाकट्याचा. सगळ्यांत पुढे एक उंच मुलगी. डावी, उजवी, पुन्हा उजवी. मिस्त्रींना आधी कौतुकच वाटलं. पाचव्या फळीवर तिने पाय टेकला, उचलला आणि पुन्हा टेकला.

तिचा गुडघा धडधाकट होता. मागच्या मुलानेही तेच केलं. त्याच्यामागचीनेही. पाचही जणं ओळीने मिस्त्रींसारखी लंगडून कोरडी पलीकडे गेली. त्यांना कुणी सांगितलंच नसावं की यातली वाट कुठली आणि दुखणं कुठलं.

प्रेक्षक टाळ्या वाजवत होते. मिस्त्रींनी हौदाचा कठडा धरला. धाकटा समोरच होता, पण त्याने या बाजूला मान वळवली नाही.

मिस्त्री बाईंकडे गेले. "शर्यत थांबवा. वाट फुटलीय. माझ्या घरातून फुटलीय."

बाईंनी कानावरचा हेडफोन काढला. धाकट्याकडे बघितलं, मिस्त्रींकडे बघितलं आणि एवढंच म्हणाल्या की खुंट्या बदला, त्या संघाला पुन्हा सोडते. मिस्त्री फळ्यांखाली अर्धा तास पाण्यात उभे राहिले. पुन्हा सोडल्यावर ती उंच मुलगी दुसऱ्या ओळीतच पाण्यात पडली. वर आल्यावर तिने तोंडावरचं पाणी न पुसता आपल्या सरांकडे बघितलं. संघ पाचवा आला. संध्याकाळी बाईंनी मिस्त्रींना सांगितलं की यापुढे पडद्याआडचं काम दुसऱ्याला देईन. आवाज चढवला नाही, त्याचंच जास्त लागलं.

सामान चढवायच्या दारापाशी धाकट्याने त्यांना गाठलं.

"पोरांसमोर माझी शोभा केलीस, दादा. एक दिवस गप्प बसला असतास तर काय बिघडलं असतं?"

"डॉक्टरांना दाखवलास का रे व्हिडिओ?"

धाकट्याने बसकडे बघितलं. मुलं खिडकीतून बघत होती. "दाखवणारच होतो," तो म्हणाला आणि गेला.

घरी मिस्त्रींनी ओले बूट दारातच काढले आणि बायकोला सगळं सांगितलं, त्या मुलांच्या लंगडण्यासकट. या वेळी मात्र उठून करून दाखवलं नाही. बसल्या जागेवरून, शब्दांनीच सांगितलं. ती ऐकता ऐकता ताट वाढत राहिली.

"तुला आश्चर्य नाही वाटलं?" त्यांनी विचारलं.

"मागून काढायचा म्हणून पुन्हा चालायला लावलं ना, तेव्हाच मला शंका आली होती. गुडघ्याचा व्हिडिओ काढताना भाऊजी कॅमेरा तुमच्या पावलांवर धरत होते."

"मग बोलली का नाहीस?"

ती पदराशी चाळा करत राहिली. "तीन दिवस तुम्ही जेवताना हसत होता हो. माझ्याने नाही बोलवलं."

तिच्यावर रागवावं की नाही हे मिस्त्रींना कळेना. ताट वाढून झालं होतं. ते उठले आणि गॅलरीत जाऊन, तिच्याकडे पाठ करून उभे राहिले.