बोलून बरे करणारे सर

"दुसरं काय असू शकेल?" असं म्हणून ते चष्मा कपाळावर चढवायचे आणि मान एका बाजूला टाकायचे. समोरच्यानं काहीही सांगितलेलं असो. एसटी चुकली म्हणा, पोट दुखतंय म्हणा, शेजारी करणी करतो म्हणा, प्रश्न ठरलेला. एकदा मी म्हटलं, "सर, तुमच्या डब्याला मुंग्या लागल्यात." चष्मा वर गेला. "दुसरं काय असू शकेल, सिस्टर?" मी म्हटलं, "तीळ असतील. खा."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. शिकलेली असतात, स्वभावानं गरीब असतात, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आणि तरी दहा मिनिटं समोर बसली की आपला हात शिवशिवायला लागतो.

बारामतीला एका मनोविकारांच्या खाजगी दवाखान्यात मी सिस्टर होते, तेव्हाची ही गोष्ट. नव्वदीची वर्षं. एमआयडीसीत कंपन्या येत होत्या, घराघरात केबल येत होती, आणि डोक्याचा आजार झालेल्या माणसाला लांब न नेता गावाजवळच दाखवता येतं हे लोकांना नुकतं कळायला लागलं होतं. दवाखान्याच्या मालकांना आम्ही मोठे डॉक्टर म्हणायचो. त्यांचं काम झटपट. पेशंट आत, दोन प्रश्न, गोळ्या, घंटी, पुढचा आत. सर डॉक्टर नव्हते. मानसशास्त्र शिकवायचे, कॉलेजातली नोकरी सुटली होती, आणि मंगळवारी नि शुक्रवारी पुण्याहून एसटीनं यायचे. मोठ्या डॉक्टरांनी त्यांना एक खोली दिली होती, बहुतेक पाटीवर एक ओळ वाढते म्हणून.

सरांचं म्हणणं असं, की ज्याला आवाज ऐकू येतात, ज्याला लोक आपल्या वाईटावर आहेत असं पक्कं वाटतं, त्याच्याशीसुद्धा त्या विचाराबद्दल नीट बोलता येतं. गोळ्या चालूच ठेवायच्या. पण सोबत त्याच्याबरोबर बसून तो विचार तपासायचा. 'तू चूक' म्हणायचं नाही, 'तू बरोबर'ही म्हणायचं नाही, दोघांनी मिळून बघायचं. विलायतेत काही डॉक्टर आता असं करायला लागलेत, असं ते कौतुकानं सांगायचे. मला हसू यायचं. वेड्याशी बोलायचं असतं हे विलायतेला आत्ता कळलं. आमच्याकडं लोक पहिल्यापासून बोलतात, मध्येमध्ये दगडही मारतात.

माझ्या आज्यानं छप्पन साली घरातले देव पाटीत भरले आणि भीमेत सोडून आला. तेव्हापासून आमच्या घरात बुवा, अंगारा, लिंबू काही शिरलं नाही. त्यामुळं दार लोटून तास-तास पुटपुटत बसणारा माणूस दिसला की मला आधी बुवाच दिसायचा. ह्यांच्याकडं अंगारा नव्हता एवढंच.

आणि बुवा निदान एका जागी बसतो. हे टेबलाच्या पलीकडं बसायचे नाहीत. पेशंट आला की आपली खुर्ची शहाबादी फरशीवरून ओढत त्याच्या शेजारी न्यायचे. तो आवाज असा, की झोपेचं इंजेक्शन दिलेला पेशंटही डोळे उघडायचा. "उचलून ठेवा की, सर." "हो हो, सिस्टर," म्हणायचे, आणि ओढायचे.

भिगवणला मासळी विकणारी एक बाई यायची. तिची मेलेली सासू तिच्या कानात शिव्या द्यायची. गोळ्यांनी शिव्या कमी झाल्या होत्या, थांबल्या नव्हत्या. सरांनी तिला विचारलं, "सासूबाई कधी गप्प असतात?" बाईनं विचार केला. "गिऱ्हाइकाला वरडाय लागले की दबतीया जरा." मग काय, सरांना तेवढंच पाहिजे होतं. सासू बोलायला लागली की भाव पुकारायचे, असं ठरलं. भर दुपारी वॉर्डात बाईनं सुरू केलं, "चिलापी घ्या, मरळ घ्या, ताजी हाय." मोठे डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "हा दवाखाना आहे की बाजार?" सर त्यांच्याकडं न बघता बाईला विचारत होते, "थांबल्या का?" बाई म्हणाली, "दमली जनू." सरांचा चेहरा असा फुलला, जणू पोरगा बोर्डात आला. मला दोघांचीही कीव आली.

मग संपत आला. कळंबचा, तिशीतला, चांगला उंचापुरा माणूस. थोरल्या भावानं त्याला एम-एटी गाडीवर बसवून आणला होता, मागं चुलतभाऊ, मध्ये हा, उडी मारू नये म्हणून. वर्ष होत आलं, संपत घराबाहेर पडत नव्हता. आधी रोज सकाळी गावातल्या डेअरीवर दूध घालायला तोच जायचा. तिथल्या माणसांनी आपल्याला मारायचं ठरवलंय अशी त्याची खात्री झाली होती. भाकरीचा पहिला तुकडा आईनं खाल्ल्याशिवाय तोंडाला लावत नव्हता.

"तितं समदी माझ्याबद्दलच बोलत्यात," तो सरांना म्हणाला. "मी गेलो की गप हुत्यात. म्हंजी ठरलंय त्यांचं."

भाऊ दारातच उभा होता. "आता दसरा झाला की कारखाना सुरू हुईल, ऊसतोडीच्या टोळ्या येतील. मंग ह्याच्यावर नजर ठिवाय कोण मोकळं हाय? तवर सुधारला तर बरं. न्हायतर येड्यांच्या दवाखान्यात नेऊन घालतो." संपत समोर बसून ऐकत होता. भाकड म्हैस बाजाराला न्यायची असते तेव्हा माणूस गोठ्यातून जरा लांब जाऊन बोलतो. ह्यानं तेवढंही केलं नाही. आणि तिकडं एकदा घातलेल्या माणसाला परत आणायला घरचे जात नाहीत, हे मी नोकरीत पुष्कळदा पाहिलेलं होतं.

सर घाई करेनात. मंगळवार गेला, शुक्रवार गेला, खुर्ची ओढली जायची, पुटपुट चालायची. एक दिवस म्हणाले, "आपण तपासून बघू या का? डेअरीवर जाऊ या, लोक काय बोलतात ते ऐकू या."

"मी न्हाय यायचा," संपत म्हणाला. "तुमी जावा. तुमच्या कानानं ऐका आन् मला सांगा."

सर कबूल झाले. माझी मावशी कळंबला दिलेली, म्हणून वाट दाखवायला मला बरोबर घेतलं. सर आदल्या रात्री दवाखान्यातच राहिले, आणि सकाळी पहिल्या गाडीनं निघालो. सर खुशीत होते. "सिस्टर, माणसं स्वतःच्या विचारांत इतकी गुंग असतात, की दुसऱ्याबद्दल बोलायला वेळ कुणाला असतो? हे एकदा संपतरावांच्या लक्षात आलं, की निम्मं काम झालं."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. पुण्यात ते खरं असेल. तिथं शेजारी मेला तरी वासानं कळतं. पण कळंबच काय, कुठलंही गाव घ्या. सकाळी डेअरीवर माणूस येतो तो दूध घालायला कमी आणि दुसऱ्याचं काढायला जास्त. एवढी साधी गोष्ट ह्यांच्या विलायती पुस्तकात नव्हती. मी सांगितलं नाही. म्हटलं, बघू दे.

डेअरीशेजारी चहाची टपरी होती. सर पेपर उघडून बाकड्यावर बसले, मी मावशीची वाट बघत असल्यासारखी पलीकडं उभी राहिले. पहिल्यांदा लोकांनी सरांचंच काढलं, पाव्हणा विम्याचा की बियाण्याचा. मग गाडी संपतवर आली. फार वेळ लागला नाही.

"बारामतीला नेत्यात म्हणं त्याला. विजेचा शाक देत्यात."

"शाक देऊन काय हुतंय? बापबी तसलाच हुता."

"त्यांच्या म्हशीचं दूध प्याला म्हंजी आपुनबी तसलंच व्हायचं." ह्यावर मोठं हसू झालं. एकानं हातातली किटली छातीशी धरून, मागं वळून-वळून बघत, संपतसारखं चालून दाखवलं. हुबेहूब करत होता, म्हणजे हे काही पहिल्यांदा नव्हतं. तेवढ्यात संपतची आई दूध घेऊन आली आणि सगळे गप्प झाले. अगदी संपतनं सांगितलं होतं तसे. तिनं दूध घातलं, खाली मान घालून गेली, आणि ती वळते न वळते तोच पुन्हा सुरू.

सरांचा चहा तसाच राहिला. कान लाल झाले होते. पेपर उलटा धरलाय हेही त्यांना कळलं नव्हतं.

परतीच्या गाडीत मी काही सोडलं नाही. "काय सर, आता दुसरं काय असू शकेल?"

"काही नाही," ते म्हणाले. "बोलतातच."

मोठ्या डॉक्टरांना हे कळलं तेव्हा ते आधी पोट धरून हसले आणि मग रागावले. "त्याला सांगून टाका, कुणी काही बोललं नाही. विषय संपला. बोलतात म्हणालात तर त्याचा संशय पक्का होईल, आणि भाऊ उद्याच त्याला नेऊन टाकील. जबाबदारी तुमची." खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. तुमच्यापैकी दहातल्या नऊ जणांनी तेच केलं असतं, आणि त्यात आपण शहाणपण केलं असं समजून जेवायला बसला असता.

शुक्रवारी संपत आला. त्या खोलीच्या दाराची कडी कधी लागत नसे, आणि मी ट्रे घेऊन बाहेरच होते. खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"मी गेलो होतो," सर म्हणाले. "तुमच्याबद्दल बोलत होते. तुमची आई आली तेव्हा गप्प झाले. तुम्ही सांगितलं होतं ते तसंच आहे."

मी मनात म्हटलं, संपलं. बाहेर बाकावर भाऊ बसलाच होता.

"काय बोलत हुते?" संपतनं विचारलं.

सरांनी सांगितलं. सगळं. शाक, बाप, म्हशीचं दूध, ती चाल. मधलं काही गाळलं नाही, गोड केलं नाही. ऐकवत नव्हतं.

"आन् मारायचं?"

"त्यातलं काही ऐकलं नाही मी. कान देऊन बसलो होतो. मारायचं कुणी काढलं नाही."

"मंग?"

"चेष्टा करत होते."

"निस्ती चेष्टा?"

"मी ऐकली ती चेष्टाच होती."

संपत म्हणाला, "ती तर माझ्या बापाचीबी करायची. लंगडायचा त्यो. त्याच्या म्होरंच चालून दावायची." आणि तो रडायला लागला, अगदी साधं, घरात कुणी गेल्यावर माणूस रडतो तसं. वर्षभरात घरच्यांनी, गावानं, आम्ही दवाखान्यातल्यांनी, सगळ्यांनी त्याला एकच सांगितलं होतं, असं काही नाही, तुझ्या डोक्यात आहे. लोक खरंच बोलतात हे त्याला पहिल्यांदा कुणी कबूल केलं होतं.

त्यानंतर सर कळंबला जाऊन त्याच्याबरोबर डेअरीवर जायला लागले. पहिल्या खेपेला संपत टपरीपर्यंत आला आणि परत फिरला. दुसऱ्या खेपेला रांगेत उभा राहिला. सरही त्याच्या मागं किटली धरून उभे, आणि धरायचं माहीत नसल्यामुळं अर्धं दूध स्वतःच्या पँटवर. गाव हसून हसून लोळलं. मला मावशीनं सांगितलं, तीही हसत होती. सरांबद्दलचं माझं मत फार बदललं होतं असं समजू नका. ज्याला किटली धरता येत नाही त्यानं दुसऱ्याला धीर द्यायला जाऊ नये, असं मला तेव्हाही वाटलं. फक्त हसू आलं नाही.

दसऱ्यानंतर कारखाना सुरू झाला आणि त्याच आठवड्यात मोठ्या डॉक्टरांनी सरांना नको म्हणून सांगितलं. "एका पेशंटला तास? आणि वर गावाला जायचं? तेवढ्यात मी सगळी ओपीडी संपवतो." खोलीत सलाईनची खोकी रचली. पाटीवरची ओळ मात्र तशीच ठेवली. रंगाऱ्याला कुठं परत बोलवायचं. सर जाताना सगळ्यांना भेटले, मला "येतो सिस्टर" म्हणाले, आणि आपण पुन्हा येणार नाही हे आपल्यालाच सांगत असल्यासारखे जिन्यात थोडे थांबले.

पुढच्या शुक्रवारी संपत आला. एकटा, एसटीनं. भाऊ तोडीच्या मागं होता. वेड्यांच्या दवाखान्यात नेऊन घालायचं आता कुणी काढत नव्हतं, कारण सकाळचं दूध तोच घालत होता आणि ते काम करायला दुसरा माणूस नव्हता. घरच्यांची माया अशीच असते.

"सर कुठं हायत?"

रजेवर आहेत असं सांगायचं, असं आम्हाला मोठ्या डॉक्टरांनी बजावलं होतं. मी म्हटलं, "काढलं त्यांना."

"कुणी?"

"मोठ्या डॉक्टरांनी. एकेकाला फार वेळ देतात म्हणून."

मला धाकधूक होती, आता हा ह्यातूनही काहीतरी कट काढणार. तो म्हणाला, "व्हय. हळूच हुतं काम त्यांचं."

"तुझं काय काम होतं?"

"काम न्हाय, निरोप हुता. डेरीवर आता माझं कमी झालंय. सरांचंच काढत्यात समदी. दूध सांडून दावत्यात. पुण्याचा येडा म्हणत्यात. म्हटलं, ते कवा कळंबला आले आन् कानावर गेलं तर भ्यायचे. तवा त्यांस्नी सांगा, मी समदं ऐकलंय. मारायबिरायचं कुणाच्या मनात न्हाय. निस्ती चेष्टा हाय."

"सांगते," मी म्हटलं. तो गाडी धरायला गेला.

मी आत जाऊन मोठ्या डॉक्टरांकडं सरांचा पत्ता मागितला. "कशाला?" असं म्हणून त्यांनी घंटी वाजवली आणि पुढचा पेशंट आत घेतला.