बटनाएवढी जागा

अकोल्याच्या दवाखान्यातून पोराचा फोन आला, "आई, पल्लवी गेली." मी तवा अकोटले घरी, तिच्यासाठीच खोबऱ्याचं तेल शिशीत भरून राहिली होती... आता सवा महिना झाला. पल्लवी माही नात, सोळा वर्साची. तिची माय लहानपनीच गेली, तवापासून तिची वेनी मीच घालून देत होती.

तिचं डोकं दुखे, एकाचे दोन दिसत. फोटोत मेंदूच्या पार आत गाठ निघाली. अमरावतीचे डॉक्टर म्हनले, आंधी कोनती गाठ हाय ते पाहा लागते. डोक्याले भोक पाडून सुईनं तुकडा काढू. मले समजेना. मंग त्यायनंच सांगतलं, कापसाच्या गाडीत व्यापारी हात खुपसून मूठभर कापूस काढून पाहाते, तसं. कापूस मले समजते, गाठ कशी समजन? मले वाटे, सारं डोकं भादरतीन. पाहातो त बटनाएवढ्याच जागेचे केस काढलेले. म्हनलं, एवढ्याशा भोकातून निघाली, म्हनजे गाठ बी एवढीशीच असन. तिच्या कानाशी म्हनलं, "निघाली वं बाई गाठ." ते हासली. म्हने, "बरं झालं. दोन-दोन आज्या कोन सांभाळन?"

आठ-दहा दिवसानं रिपोर्ट आला. लंबं नाव. डॉक्टर म्हनले, अशी गाठ लई कमी लेकराइले होते, आन् ते काढता येत नाई. सुईनं नुसता तुकडा काढला होता, गाठ तिथंच होती... नाव भेटलं, दवाई नाई भेटली. मशीनचा शेक देल्ला, थोडे दिवस बरं वाटलं. मंग पुन्यांदा दोन-दोन दिसाले लागलं. "आजी, तू त म्हने निघाली. मंग काहून दुखते?" मी तेल लावत म्हनलं, "केस येऊन राहिले ना तिथं, बरं बी होनच." अकोल्याले भरती केलं तवा बी, शेवटपावतर खरं सांगतलं नाई. तुकडा न काढता नाव कसं समजलं असतं? आन् समजून काय झालं? मले अजून बी उमजत नाई.

आमच्याकडं फनीत निघालेले केस फेकत नाई. गुंडाळून भिंतीच्या फटीत खोचतो. केसवाली येते, त्यावर भांडं देते. परवा आली. माहे पांढरे केस तिले देल्ले. पल्लवीची गुंडाळी हातात घेतली त लंब्या केसाइत दोन बोटाएवढे बारके बी होते, त्या बटनाच्या जागेचे. केसवाली म्हने, "आजी, ते काळे दे, भात शिजवाचा गंज देतो."

"ते इकाचे नाई," म्हनलं, आन् फटीत परत खोचून वरून चिंधी लावली.