डेअरीच्या फ्रीजमधले चांगले जंतू

दूध तापवून ठेवलं की साय धरते. धरू नको म्हटलं तरी धरते. दुकानाबाहेर बाक ठेवला की किस्से धरतात, तेही तसेच. मी बाक ठेवला तो दूध येईपर्यंत गिऱ्हाइकांनी टेकावं म्हणून. गिऱ्हाइकं दूध घेऊन गेली. जोशी मास्तर आणि कांबळेसाहेब बसले ते बसलेच.

दुकान माझं. सदाशिव पेठेत डेअरी आहे. शिक्षण चौथी. सगळे आप्पा म्हणतात. दूध माझा पुतण्या बबन मांजरी गावाहून आणतो, स्वतःच्या म्हशींचं. आम्ही पाणी घालत नाही. एवढी ओळख पुरे.

हे किस्से त्या दिवसांतले, जेव्हा पेठेतली पोरं खराडीला कंप्युटरसमोर बसायला लागली आणि बसून बसून सगळ्यांची पोटं बिघडली.

*

एक आयटीवाला आला. गळ्यात पट्टा, पट्ट्याला स्वतःचाच फोटो.

"काका, प्रोबायोटिक दही आहे?"

"दही आहे."

"हो, पण प्रोबायोटिक आहे का? म्हणजे त्यात जिवंत बॅक्टेरिया आहेत का?"

"विरजण माझ्या आईचं आहे. आई गेली. ते जिवंत आहे."

तो पाव किलो घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी कामाला जाताना गाडी थांबवून रस्त्यावरूनच ओरडला, "काका, कालचं ते तुमच्या आईचं अर्धा किलो बांधून ठेवा!"

*

कांबळेसाहेब सरकारी कचेरीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले. ताठ माणूस. कुणापुढे वाकले नाहीत. त्यांना वाकवलं ते एकट्या पोटाने.

कुठे जायचं म्हटलं की त्यांचा पहिला प्रश्न, "तिथे सोय आहे का?" सोय म्हणजे काय, ते आम्हाला कळायचं. दूध तर त्यांना विषच. वर्षानुवर्षं डेअरीच्या बाकावर बसले, पण माझं दूध कधी तोंडाला लावलं नाही. माझ्या मनाला लागायचं मात्र.

त्यांना बोधगयेला जायचं होतं. छप्पन साली वडिलांनी त्यांना खांद्यावर बसवून नागपूरला नेलं होतं, दीक्षेला. तिथेच वडील म्हणाले होते, आता एकदा बोधगया. ती राहून गेली. साहेबांनी हे आम्हाला एकदाच सांगितलं. पुन्हा विषय काढला नाही. मुलगा तिकीट काढायचा, साहेब रद्द करायचे. एकदा तर फलाटावरून परत आले.

मास्तर म्हणाले, "अहो साहेब, गाडीत संडास असतो."

"असतो," साहेब म्हणाले. "रिकामा असतो का?"

*

दुकानाच्या वरच्या मजल्यावर दवाखाना आहे. डॉक्टरीणबाई तरुण, पण पेठेतल्याच. त्यांनी साहेबांना पुड्या लिहून दिल्या. रोज एक, पाण्यातून. प्रोबायोटिक. घरी विसरतात म्हणून साहेबांनी पुड्या माझ्या फ्रीजमध्ये ठेवल्या. सकाळी फिरून यायचं, बाकावर बसायचं, पुडी घ्यायची.

फ्रीजवर माझी पाटी होती: "उघडू नये. आत दही झोपले आहे." साहेबांपुरती मी ती मागे घेतली.

डॉक्टरीणबाई जाता जाता समजावून सांगायला थांबल्या. "यात चांगले जंतू असतात. कोट्यवधी."

मास्तर म्हणाले, "एका पुडीत कोट्यवधी? मग पार्किंगचं काय करतात?"

मी विचारलं, "चांगले कशावरून?"

"आप्पा, ते नुसते जागा अडवून बसतात. वाईटांना बसायला जागाच ठेवत नाहीत."

साहेब बाकावर जरा सरकून बसले. "म्हणजे आमच्यासारखेच!"

*

मास्तरांना गॅसचा त्रास. मग त्यांनीही पुड्या सुरू केल्या. एके दिवशी जोशीकाकू पुडी हातात धरून दुकानात आल्या.

"अहो आप्पा, यात जिवंत जंतू आहेत म्हणे. आज एकादशी. यांना उपासाला चालतील का?"

मी दुधाचा माणूस. जंतूंचा उपास मला काय ठाऊक? साहेब मदतीला धावले. "काकू, उपासाला दही चालतं ना?"

"चालतं की."

"मग दह्यात तेच असतात. जिवंत."

काकूंनी विचार केला. मास्तरांचा चेहरा खुलला. काकू म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. आजपासून एकादशीला दहीसुद्धा बंद!"

त्या दिवशी मास्तरांनी साबुदाण्याची खिचडी कोरडी खाल्ली. डबा घेऊन मुद्दाम बाकावर आले आणि साहेबांकडे बघत खाल्ली.

*

मास्तरांना पुडीचा गुण येईना. ते डॉक्टरीणबाईंवर चिडले. बाई जिन्यातच उभ्या होत्या.

"मास्तर, कशातून घेता?"

"चहातून."

"गरम?"

"गार चहा कोण पितो हो!"

"अहो, मग ते सगळे मरतात! वाफाळत्या चहात कोण जगेल?"

मास्तर मट्कन बाकावर बसले. माणूस असा, की रस्त्यात मुंगी दिसली तरी पाय उचलून टाकणार. मग म्हणाले, "आप्पा, रोज… कोट्यवधी…"

साहेबांनी खिचडीच्या वेळचं ते बघणं लक्षात ठेवलं होतं. हळूच विचारलं, "मास्तर, एकादशीलाही?"

*

माझी सून स्वाती खराडीला नोकरीला. तिच्या ऑफिसात एकदा 'वेलनेस डे' होता. पोटाच्या आरोग्यावर कार्यक्रम. स्वाती म्हणाली, "आप्पा, तुम्ही दह्याबद्दल बोला." मी म्हटलं, दह्याबद्दल बोलत नाहीत, खातात. तरी गेलो. धुतलेलं धोतर, काळी टोपी. दह्याचा मोठा डबा बरोबर नेला.

आधी एका साहेबाने पडद्यावर आतडी दाखवली. बाण, गोल, रंग. मग मला उभं केलं. मी म्हटलं, "दूध चांगलं घ्या. विरजण चांगलं घाला. मग हलवू नका." आणि बसलो.

टाळ्या झाल्या. एका मुलीने हात वर केला. "सर, तुमच्या दह्याची शेल्फ लाइफ किती?"

मी स्वातीकडे बघितलं. ती म्हणाली, "किती दिवस टिकतं, असं विचारतायत."

"दिवस कसले?" मी म्हटलं. "दुपारी बारापर्यंत. मग संपतं."

*

साहेबांचं पोट हळूहळू ताळ्यावर आलं. बाई म्हणाल्या, पुड्यांनी. मास्तर म्हणाले, बाकाने. थंडीत मुलाने पुन्हा बोधगयेचं तिकीट काढलं. साहेब म्हणाले, "या वेळी रद्द नाही."

निघायच्या दिवशी रिक्षा दारात उभी. दुकानात गर्दी. साहेबांनी स्वतःच फ्रीज उघडला, पुड्यांचा गठ्ठा उचलला, पिशवीत टाकला, हात हलवला आणि गेले. मास्तरांनी डोळे पुसले. मी दूध मोजत होतो. नाही तर मीही बघितलं असतं.

दुसऱ्या दिवशी बबन दूध घेऊन आला. कॅन उतरवता उतरवता म्हणाला, "आप्पा, गुरांच्या डागदरानं या टायमाला लय बारकी पुडी दिली. म्हशीच्या जिभंलाच चिकटून बसली. प्वाटात काय जायचं?"

"कसली पुडी?"

"आवो, म्हशीच्या हाजम्याची. काल सकाळी गठ्ठा तुमच्या फ्रीजमधी ठिवला न्हवता का? दुपारी घिऊन ग्येलो की."

मी फ्रीज उघडला. दही झोपलेलं होतं. पुडी एकही नव्हती.

बबनच्या खिशात रिकामी पुडी होती. मला इंग्रजीत दोनच शब्द वाचता येतात. एक मिल्क. दुसरा प्रोबायोटिक, या पुड्यांवर मोठ्या अक्षरांत असतो तो, रोज बघून बघून पाठ झालेला. माणसाच्या पुडीवर तोच शब्द, म्हशीच्या पुडीवरही तोच. ही लहान पुडी साहेबांची.

मी मास्तरांकडे बघितलं. मास्तर म्हणाले, "म्हणजे साहेब गाडीत…"

"हो."

"रोज एक?"

"पाण्यातून."

*

साहेबांना फोन लागेना. बबनने गुरांच्या डॉक्टरला फोन लावून माझ्या हातात दिला.

मी विचारलं, "तुमची पुडी माणसाने घेतली तर?"

"कोणत्या माणसाने?"

"एका साहेबांनी."

"वजन किती?"

मी म्हटलं, "अहो, माणूस आहे तो! बोधगयेला चाललाय!"

डॉक्टर म्हणाला, "घाबरू नका. वाईट असं त्यात काही नाही. फार तर रवंथ करतील."

मास्तरांनी माझ्या हातून फोन घेतला आणि ठेवून दिला.

मग ते दिवस कसे गेले, ते आम्हा दोघांनाच माहीत. वडिलांची बोधगया राहिली, आता साहेबांचीही राहणार, आणि तीही माझ्या फ्रीजपायी. मास्तर रोज फोन लावायचे. रोज तीच बाई इंग्रजीत काहीतरी सांगायची. बाकावरची साहेबांची जागा आम्ही कुणाला दिली नाही. एकजण टेकला, त्याला मी उठवला.

"इथे कोण बसलंय?" तो म्हणाला.

"कांबळेसाहेब."

"कुठे आहेत?"

"गयेला!"

तो माणूस हळहळत निघून गेला. संध्याकाळी साहेबांच्या घरी तीन माणसं भेटायला गेली, पांढऱ्या कपड्यांत.

बबनला मात्र मी रोज विचारायचो, म्हैस कशी आहे.

"लय खूश हाय," बबन म्हणाला. "पर आप्पा, पहाटं उठून दाव्याला हिसके देती. फिरायला न्या म्हनती!"

*

साहेब परत आले ते रिक्षातून थेट बाकावर. बॅग खाली ठेवली. रंग उजळलेला, पाठ ताठ. आम्ही दोघंही उभे.

मी विचारलं, "पोट?"

"कसलं पोट?" साहेब म्हणाले.

मग सांगायला लागले. झाडाखाली बसले. वडिलांचं नाव घेतलं. मोठ्याने घेतलं, दोनदा. नंतर नदीपलीकडे, बुद्धांना खीर देणाऱ्या सुजातेच्या गावी गेले. तिथे एका घरी बाईंनी वाटीभर खीर पुढे केली. दुधाची.

"आता तुम्हीच सांगा," साहेब म्हणाले, "त्या गावात खिरीला नाही कसं म्हणायचं? खाल्ली."

"मग?" मास्तरांनी विचारलं.

"मग दुसरी वाटी."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. साहेब म्हणाले, "काही म्हणा, या वेळच्या पुड्या जबरदस्त! आकाराने पण मोठ्या. म्हटलं, प्रवासाच्या असतील. चव तेवढी जरा पेंडीसारखी."

मास्तरांना ठसका लागला. मी छताकडे बघितलं.

"आप्पा," साहेब म्हणाले, "एक ग्लास दूध द्या."

मी ग्लास विसळला. विसळलेला होता, पुन्हा विसळला. सायीसकट भरून दिला. साहेबांनी उभ्याने प्यायलं, सगळं. मिशी पुसली.

"चांगलं आहे हो."

"माहीत आहे," मी म्हटलं.

साहेबांनी खिशातून एक रिकामी पुडी काढली. "डॉक्टरीणबाईंना दाखवतो. म्हणावं, आता कायम हीच लिहून द्या."

मास्तर ओरडले, "आप्पा, अडवा त्यांना!" पण कठड्याला धरून चढणारा माणूस जिना तीन उड्यांत चढून गेला होता.

आम्ही खाली उभे. वर दार उघडलं. खुर्ची सरकली. साहेबांचा आवाज आला, मग कागदाची कुरकुर.

शेवटी बाईंचा आवाज आला. शांत, स्वच्छ, थेट खाली दुकानापर्यंत.

"साहेब, तब्येत उत्तम आहे. फक्त एक सांगा. दूध किती देता?"