कवड्या की मण्यार

लातूर नवा जिल्हा झाला, त्या सुमाराच्या दुष्काळात मी अहमदपूरच्या एका कॉलेजात झाडलोट करायची. तिथले एक सर अजून आठवतात. सापांना फार पूर्वी पाय होते, ते कसे गेले, हे ते मेलेल्या सापांची हाडं टेबलावर मांडून शोधायचे. मला ते रिकामपणाचे धंदे वाटायचे. चहा गोड झाला का विचारलं, तरी घोट घेऊन, डोळे मिटून मगच सांगायचे.

एका सकाळी रांजणाच्या ओलीला आलेला साप माझ्या लेकीला चावला. शेजाऱ्यांनी तो मारला.

"मण्यार हाय. पोरगी गेली गं तुझी!" बायांनी गळा काढला.

मी लेकीला कडेवर घेतलं, साप डब्यात घातला आणि सरांकडे पळाले. त्यांनी भिंगातून पाठीवरचे खवले बघितले.

"कवड्या आहे, बाई. विषारी नाही."

मी लेकीला मांडीवर घेऊन खाली बसले. सर मात्र चपला घालत होते.

"उठा. सापाचं इंजेक्शन इथं नाही. लातूरला जाऊ."

"आत्ताच म्हणलात ना, विष न्हाई म्हणून?"

"म्हणालो. चल बाळ."

एस.टी.त लेक खिडकीतून बाहेर बघत गाणं म्हणत होती. सर डबा मांडीवर घेऊन सारखे खवले बघत होते.

"सर, तुमचाच तुमच्यावर इश्वास न्हाई का?"

"कामापुरता आहे. लेकरापुरता नाही."

दवाखान्यात दिवसभर नजरेखाली ठेवून सांजेला डॉक्टरांनी लेकीला घरी न्या म्हटलं. तेव्हा कुठे सरांनी प्यायला पाणी मागितलं.