मोजणीदार आणि अर्धा बाण

मोजणीदारांइतका राग मला दुसऱ्या कुणाचा आलेला नाही, आणि तो उतरावा असं वाटतही नाही. जमीन मोजणीच्या खात्यातला हा माणूस दर रविवारी दुपारी हातकणंगल्याहून कोल्हापूरला यायचा आणि आमचा फाशांचा खेळ चालवायचा. राक्षस, किल्ले, जादू, सगळं कागदावर आणि बोलण्यात. कोण मेलं नि कोण जगलं, हे मोजणीदार सांगायचे.

मी धनुर्धारी झाले, तिथंच चुकलं. तलवारवाल्यांना कुणी काही विचारायचं नाही. मी धनुष्य उचललं की यांच्या खिशातून गाठी मारलेला दोरा निघायचा. तो नकाशावर ताणून म्हणायचे, "पल्ल्याच्या भाईर हाय. दोनदा फासा टाक, कमी आकडा घे." राक्षस अगदी शेजारी उभा असला तरी शिक्षा तीच, कारण इतक्या जवळून नेम धरता येत नाही म्हणे. समोर चहा निवला तरी दोरा ढिला पडायचा नाही.

लढाई संपली की सोडलेल्यांपैकी निम्मे बाण परत मिळायचे. एकदा मी दोन जास्त लिहिले, तर चारचौघांत म्हणाले, "बाण काय झाडाला लागत्यात व्हय गं?" सगळे हसले. मी नाही हसले.

आमच्यातल्या सागरचा शेवटचा रविवार होता. सोमवारी तो नोकरीसाठी बेंगळुरूला निघणार होता. दोन वर्षं सांभाळलेला आपला योद्धा जिवंत ठेवून त्याला खेळ सोडायचा होता, एवढंच. पहिल्या लढाईत माझे सातही बाण गेले. "निम्मं साडेतीन. तीन घे," मोजणीदार म्हणाले. दुसऱ्या लढाईत तेही संपले आणि राक्षस सागरच्या योद्ध्यावर चढून बसला. राक्षसात एका बाणापुरता जीव उरला होता. माझा भाता रिकामा. योद्धा मेला. सागरनं फासे गोळा करून दिले आणि गेला.

गुरुवारी मोजणीदार आमच्या दारात, हातात नियमांचं पुस्तक. "चुकलं माझं. ह्या खेळात अर्धा वर धरायचा. चार मिळायला पायजे हुतं तुला." खात्यातल्या सवयीनं त्यांनी अर्धा सोडून दिला होता. "जमिनीत अर्धा वर धरला की भाऊभाऊ कोयतं काढत्यात," म्हणाले.

"मग सागरच्या योद्ध्याला जिवंत करा की!"

"न्हाय. झालेला डाव फिरवायचा न्हाय."

मी तोंडावर दार लावलं. परत कधी खेळायला गेले नाही. पुढे त्यांची बदली झाल्याचं कळलं.

सागरचा अधूनमधून फोन येतो. अजून म्हणतो, "एक बाण पायजे हुता गं तुझ्याकडं." मी नुसतं हूं म्हणते. मोजणीदार गप्प बसले असते तर त्यांची चूक कुणालाच कळली नसती. तरी ते हातकणंगल्याहून येऊन सांगून गेले. तो चौथा बाण माझ्या हक्काचा होता, हे मला सागरला साधं फोनवर सांगवत नाही; मग त्यांच्या तोंडावर दार लावलं तेही सांगावं लागेल. राग आहे तो याचाच.