काळोखी आलेला कांदा

आमच्याकडे पीक रस्त्यावरून बघतात. वावरात उतरून एखादा कांदा उपटून पाहणारा विरळा; बाकीचे मोटारसायकलवरूनच निकाल देतात. "लई काळोखी आलीय राव!" असं कुणी ओरडून गेलं की मालक दिवसभर खूश. काळोखी म्हणजे पातीचा काळपट हिरवा रंग. तो युरियाने येतो आणि झटपट येतो. पातीखाली काय चाललंय, ते रस्त्यावरून दिसत नाही.

माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं, रान पिंपरी पेंढारच्या रस्त्याला लागून आहे. कांदा मात्र वहिनीचा. बी तिनं लग्नानंतर आंबेगावातल्या माहेराहून आणलेलं. साठवणीच्या बराखीतून, म्हणजे कांदाचाळीतून, ती दरवर्षी घट्ट कांदे निवडते, दिवाळीनंतर लावते आणि त्यांच्या फुलांच्या गोंड्यांचं बी धरते. माहेरचे आता पुड्यातलं बी आणतात. म्हणजे हे वाण आमच्याच घरी उरलेलं. निवडलेले कांदे दिवाळीपर्यंत टिकले नाहीत, तर तेही गेलं.

त्या वर्षी एका खतवाल्यानं पीक पाहणीचा कार्यक्रम ठरवला आणि दादाचं रान निवडलं. मंडप, फेटे, कर्णा, प्रमुख पाहुणे. इकडे कांदा तयार होऊन पातीच्या माना पडायला लागल्या होत्या. अशा वेळी पाणी तोडायचं असतं. पण पाहुण्यांना सवड नव्हती, तारीख पुढे गेली, आणि पिवळी पात फोटोत चांगली दिसत नाही. दादानं युरिया फेकला आणि कालव्याला येडगाव धरणाचं पाणी होतंच, तेही सोडलं.

"दादा, आता नत्र दिलंस तर नुसती पात वाढेल," मी म्हणालो. "मान जाड राहते, नीट मिटत नाही. तिथूनच सड आत शिरते."

"तू पुस्तकातला कांदा पिकव. आमाला रानातला पिकवू दे."

"अवो, माज्या बियान्यापुरता येक वाफा तरी सोडा," वहिनी म्हणाली.

"आन मधीच पिवळं ठिगळ? पावणं काय म्हनतील?"

पावण्यांनी तारीख आणखी एकदा बदलली. आणखी एक गोणी गेली. शेवटी ते आले, बूट खराब होतील म्हणून वावरात उतरले नाहीत, आणि मंडपातूनच सेंद्रिय शेतीवर पाऊण तास बोलले. फेट्यातला दादा प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. खतवाल्यानं टाळ्या सुरू करून दिल्या.

काढणीला कांदा चांगला दांडगा निघाला, माना मात्र अंगठ्याएवढ्या. "वाळल्यावर बसत्याल," असं म्हणून दादानं बराख भरली. श्रावणात बराखीखालून पाणी ठिबकू लागलं. आता रस्त्यानं जाणाऱ्यांना गाडी न थांबवताही सगळं कळत होतं. नाकाला रुमाल लावून ते पुढं जात.

"औंदा हवाच खराब व्हती," दादा म्हणाला.

"शेजारच्या बराखीत दुसरी हवा आहे का?" मी विचारलं. शेजाऱ्याचा कांदा ठणठणीत होता. दादाला एकदम बैलांना पाणी दाखवायचं आठवलं.

वहिनी नाकाला पदर बांधून बसली. वरून लालबुंद दिसणारा कांदा दाबला की बोट आत जाई. काही सडले नव्हते, तर त्यांना कोंब फुटले होते. आख्ख्या बराखीतून तिला घमेलंभर घट्ट कांदे मिळाले. बांधाकडेचे असावेत, जिथवर दादाची मूठ पोचली नव्हती.

दिवाळीनंतर तिनं ते गोठ्यामागं लावले.

"तिथं? रस्त्याकडंला लाव की," दादा म्हणाला. "मागं कुनाला दिसनार?"

"कुनाला दिसाया नकोच हायेत."

कांदे उगवले. पात जरा फिकी निघाली आणि दादा बेचैन झाला. एका सकाळी तो पसाभर युरिया घेऊन गोठ्याकडं निघाला. "जरासाच टाकतो," तो मला म्हणाला. मी पुस्तकातलं तोंडाशी आलेलं वाक्य गिळलं. वहिनी शेणाची पाटी घेऊन वाटेतच उभी होती. तिनं नुसता हात पुढं केला. दादानं मूठ तिच्या हातात रिकामी केली आणि तणतणत रस्त्याकडच्या वावरात गेला. तिथं कुणीतरी मोटारसायकल थांबवून त्याच्या गव्हाचं कौतुक करत होतं.