शांत स्वभावाची विमल

विमल म्हात्रे शांत स्वभावाच्या होत्या, असं परवा शोकसभेत प्राचार्य म्हणाले, तेव्हा त्यांच्या तोंडात खडू कोंबावा असं मला वाटलं. शांत! कामतघरला कापडाच्या लूमच्या खडखडाटात वाढलेली ही बाई ग्रंथालयात कुजबुजायचीसुद्धा ओरडून.

आम्ही दोघी भिवंडीतल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होतो. तास संपले की तिच्या कामतघरच्या खोलीवर एकाच वहीत गणितं करायचो. आरशांच्या पेटीत एक अणू आणि थोडासा प्रकाश. दोघे एकमेकांत असे गुंततात की जोडीची अवस्था नेमकी ठाऊक असते. पण एकटा अणू किंवा एकटा प्रकाश तपासावा, तर नुसती अनिश्चितता. तिचं माप म्हणजे एंट्रॉपी. माझ्या डोक्यात हे आठवडाभर शिरेना. शेवटी विमलने टेबलावर मूठ आपटली. "अगो येडे, जोडीला इचार, सगलं सांगंल. एकल्याला इचारलंस तं निस्ता गोंधल! आन तो गोंधल दोघांचा सारखाच हाय." वीज गेली, खालचे लूम थांबले, तरी हिचा आवाज चालूच.

आणि मी कोण होते? खळ घातलेली साडी, डोक्यावर चढवलेला गॉगल, इंग्रजी बोलताना वर जाणारी डावी भुवई. आज ती पोरगी समोर आली तर भुवईसकट खाली बसवीन तिला.

आमचं काम एका मोठ्या संशोधन संस्थेला आवडलं. जागा मात्र एकच. निवड समितीने एकेकीला आत बोलावलं. विमल आधी गेली. बंद दाराबाहेर मला तिचं सगळं ऐकू येत होतं. "दोघींना एकत्र बोलवा, साहेब. त्याबिगर न्हाय कलायचं तुम्हाला." आत बसलेले तिघेही याच विषयातले मोठे जाणकार, आणि त्यांनी तिला उद्धट ठरवलं! मग माझी पाळी.

"मूळ कल्पना कोणाची?"

भुवई वर गेली. "माझी," मी म्हणाले.

जागा मला मिळाली. वर्षभरात ते काम मला एक ओळही पुढे नेता आलं नाही. नंतर एकदा राहनाळच्या बसस्टॉपवर विमल दिसली. मी शिव्यांच्या तयारीने उभी राहिले. ती इतकी हळू बोलली, की मला कान जवळ न्यावा लागला. "बरी हायस ना गो?" बस्स, एवढंच. तिच्या विद्यार्थ्यांकडून कळलं, वर्गातही ती आता अशीच बोलते. मागच्या बाकांना ऐकू येत नाही.

तर हा तो शांत स्वभाव. तिचा नव्हता तो, मी केलेला होता.

सभेच्या शेवटी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभी राहिले. "ती कल्पना आम्हा दोघींची होती! मला एकटीला विचारलं, आणि मी खोटं बोलले!"

पहिली रांग दचकली. सोबत आलेली नात माझा पदर ओढायला लागली. "आजी, समोर माईक आहे. ओरडतेस कशाला?"

"कामतघरला ऐकू जायला हवं."